खाकीपुढे न बोलण्याची शपथ

ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे, आणि खरं सांगायचं तर गुन्हा अगदीच किरकोळ होता. एक दगड, एक फुटलेली काच आणि एका कारकुनाच्या कपाळाला पडलेले टाके. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे आज आठवत नाहीत. हा दगड मात्र आठवतो, कारण त्याच्या तपासात एक अख्खं गाव माझ्यासमोर मुकं होऊन बसलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळ. मी नवा फौजदार होतो. मूळचा नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातला, भाताच्या आणि पावसाच्या मुलखातला. बदली झाली ती जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका तालुक्याला. तालुक्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. तिथे गेल्यावर विहिरीचा तळ कसा असतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. रानं उघडी पडली होती. सरकारने दुष्काळी कामं काढली होती आणि त्यांत मुख्य काम रस्त्यासाठी खडी फोडण्याचं. कालपर्यंत स्वतःच्या वावरात राबणारी माणसं, कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बायका, डोक्यावर पदर ओढून भर उन्हात हातोडी घेऊन बसलेल्या दिसायच्या. ते बघवत नसे.

अशाच एका गावाच्या कामावर प्यायला पाणी नव्हतं आणि सावलीला साधं फडकंही नव्हतं. त्या गावात एक गवंडी होता. बांधकामं बंद पडली म्हणून तोही खडीवर आला होता. त्याला मी इथे गवंडीच म्हणेन. त्याने मुकादमाला पाणी मागितलं. मुकादम म्हणाला, सावलीत बसून पाणी प्यायचं असेल तर घरी बसा. हे शब्द गावात पोचले आणि गावाने ठरवलं, मामलेदार कचेरीवर मोर्चा न्यायचा.

मोर्चा रीतसर होता हे आधी सांगतो. तालुक्याच्या गावात एक वयस्क वकील होते. त्यांनी लोकांच्या वतीने अर्ज केला, मी अटी घालून लेखी परवानगी दिली. ठरल्या दिवशी माणसं आली, कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसली. 'पाणी द्या, सावली द्या' एवढीच घोषणा. मी फाटकाशी उभा होतो. मध्येच कुणाला तरी भोवळ आली म्हणून बायकांच्या बाजूला गलका झाला, थोडी पळापळ झाली, आणि त्याच गडबडीत कुठून तरी एक दगड आला. कचेरीच्या खिडकीची काच फुटली आणि आतल्या कारकुनाचं कपाळ रक्ताने भरलं. लाठी उगारायची वेळच आली नाही. रक्त पाहून लोक आपोआप पांगले.

मामलेदारांनी फिर्याद दिली. सरकारी नोकराला कामावर असताना दुखापत, म्हणजे प्रकरण साधं राहत नाही. कारकुनाच्या डोक्याला मार होता, डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघावं लागेल. त्याला काही झालं असतं तर दगड मारणारा जन्मभरासाठी आत गेला असता.

संध्याकाळच्या आत खबर आली. खबर देणारे दोन प्रकारचे असतात. एक भीत भीत येतो, मागे वळून पाहतो आणि अर्धंच सांगतो. दुसरा खुर्ची ओढून बसतो आणि विचारायच्या आधी सगळं सांगून मोकळा होतो. या दुसऱ्याची खबर मी नेहमी गाळून घेतो. आलेला माणूस तोच मुकादम होता. "सायेब, दगड गवंड्यानं मारला. म्या ह्या डोळ्यांनी बघितला. त्येच समद्यांना फितवतंय," तो म्हणाला. मी विचारलं, तोंड पाहिलं का? तो म्हणाला, "पाठमोरा हुता. पन मुंडासं त्येचंच."

मुंडासं तर निम्म्या तालुक्याचं तसलंच होतं. तरीही फिर्यादीनंतर पहिलं नाव आलं होतं, साक्षीदार सांगत होता, मोर्चाचा पुढारी तोच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून त्याला ताब्यात घेतलं. स्टेशन डायरीत वेळ घालून अटकेची नोंद केली आणि त्याला समोर बसवलं.

"नाव काय तुझं?"

गप्प.

"दगड मारला तेव्हा कुठे होतास?"

गप्प. नजर जमिनीवर.

माझे हवालदार जुने, नोकरीत केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "साहेब, मुका असेल." मी म्हणालो, "काल घोषणा कोण देत होतं मग?" बिडी देऊ केली, घेतली नाही. चहा मात्र बशीत ओतून, फुंकर मारून, शांतपणे प्यायला आणि बशी जागेवर ठेवून पुन्हा दगडासारखा बसला. माझं डोकं तापट, हे माझ्या घरचेही सांगतील. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. काही उपयोग नाही. घाबरलेला माणूस घाम पुसतो, थुंकी गिळतो, दाराकडे पाहतो. हा घाबरलेला नव्हता. निर्ढावलेलाही नव्हता, कारण निर्ढावलेला माणूस खोटं बोलतो, आणि हा खोटंसुद्धा बोलत नव्हता.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. मी व्हरांड्यात होतो. विचारलं, "बाई, तू याची कोण?" ती खाली बघत राहिली. मग वळून फाटकाजवळच्या चहावाल्याला म्हणाली, "त्यास्नी सांगा म्हनावं, भाकर गरम हाय तवर खाऊन घ्या. पोरं बरी हायती म्हनावं." मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. असा राग आला की काय सांगू. पण तिने भाकरीचं फडकं पुढे केलं तेव्हा तिचा तळहात दिसला. रेषारेषांत पिवळं बसलेलं होतं.

आत जाऊन गवंड्याला म्हणालो, हात दाखव. त्याच्याही उजव्या तळहातावर तेच. खडी फोडून फोडून भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत भंडारा होता.

आमचंही कुलदैवत खंडोबाच. त्या दिवसांत ना चंपाषष्ठी होती ना सोमवती. गावात चौकशीला पाठवलेला शिपाईही सांगत आला होता, तिथे कुणीच तोंड उघडत नाही. मग सगळ्या गावाने भंडारा कशासाठी हातात घ्यावा? एकच कारण असू शकतं. त्यांनी देवळात बेलभंडारा उचलला होता. खंडोबासमोर बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन जी शपथ घेतात, ती आमच्या मुलखात कुणी मोडत नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटं बोलणारे लोक मी पाहिलेत, पण बेलभंडारा उचलून फिरलेला माणूस मी पाहिला नाही.

मी वकीलसाहेबांना बोलावून घेतलं. म्हणालो, "तुम्ही या लोकांना काय शिकवलंत?"

ते म्हणाले, "मोर्चाच्या आधी गावात गेलो होतो. जे कायद्यात आहे तेच सांगितलं. परवानगी घ्या, हातात काही नेऊ नका. पकडलं तर कारण विचारा, वकील मागा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. आपल्यावर गुन्हा येईल असं काही पोलिसांसमोर बोलायची सक्ती कुणावर नाही."

"त्यांनी शेवटचं तेवढं धरलं," मी म्हणालो. "आणि त्याचा बेलभंडारा उचलला."

म्हातारे वकील खाली बसले. "अहो, मी गप्प बसायचा हक्क सांगितला होता. गप्प बसायची सक्ती कुठे सांगितली होती?" त्यांना हसावं की रडावं कळेना. मलाही कळेना. आमच्या लोकांची ही रीतच आहे. एखादी गोष्ट पटली की ती नुसती मानायची नाही, देवापुढे बांधून टाकायची. वकिलाने दिलेली ढाल गावाने स्वतःच्याच तोंडावर बांधली होती. आता गवंडी निर्दोष असला तरी ते मला सांगू शकत नव्हता.

तेवढ्यात आमच्या सर्कल इन्स्पेक्टरांची जीप आली. मोठे कडक गृहस्थ. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, "अटक दाखवलीत?"

"हो साहेब. सकाळीच. डायरीत नोंद आहे."

"कशाला घाई केलीत? उद्या-परवा दाखवायची होती. आज माझ्या माणसांच्या ताब्यात द्या, पोपटासारखा बोलेल."

"नोंद झाली आहे साहेब. आता चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागेल."

"मला कायदा शिकवू नका."

"नाही साहेब. पण खोडाखोड मी करणार नाही."

ते जीपकडे वळले. "मग तपास तुमचा आणि उत्तरही तुम्हीच द्या," एवढं बोलून निघून गेले. मी काही साधुसंत नव्हतो. मार खाऊन बोलणारा माणूस खरं बोलत नाही, मारणाऱ्याला हवं ते बोलतो, हे मला ठाऊक होतं. गवंड्याने मारापोटी हो म्हटलं असतं तर त्याची बायको-पोरं त्या वर्षात कशी जगली असती ते सांगायला नको. आणि दगड मारणारा मात्र मोकळा राहिला असता.

मी गवंड्यासमोर जाऊन बसलो. या वेळी प्रश्न विचारले नाहीत. म्हणालो, "तू बोलू नकोस, नुसतं ऐक. तुला कशासाठी धरलंय ते सांगतो." कलम सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला. "तुझे वकील बाहेर आहेत. ते तुला भेटतील. मी लांब उभा राहीन, ऐकणार नाही. उद्या सकाळी तुला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे नेईन. ते पोलीस नाहीत. पोलिसांनी त्रास दिला का, हेसुद्धा ते विचारू शकतात. तुला वाटलं तर त्यांना सांग, नाही वाटलं तर नको."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही, पण 'ते पोलीस नाहीत' हे वाक्य त्याने बरोबर टिपलं होतं. वकील त्याला भेटून आले आणि म्हणाले, "शपथ खाकीपुढे न बोलण्याची आहे. जज्जसाहेबांपुढे बोलेन म्हणतो. खाकी बाहेर राहिली तर."

दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आम्हा पोलिसांना बाहेर थांबायला सांगितलं. मी व्हरांड्यात उभा राहिलो. दाराआडून गवंड्याचा आवाज आला. अख्खा दिवस माझ्या समोर बसलेल्या माणसाचा बोलण्याचा आवाज मी प्रथम तिथे ऐकला. चांगला खणखणीत होता.

"सायेब, दगड पडला तवा म्या कचेरीम्होरं नव्हतोच. आमची येक म्हातारी उन्हानं पडली. तिला उचलून मागल्या अंगाला मामलेदारसायबाच्या घरी नेली. तितल्या बाईंनी पानी दिलं. काच फुटल्याली म्या तितनंच ऐकली. म्या कुठं हुतो त्ये सांगितलं. दुसरं कोन कुठं हुतं, त्ये मला इचारू नका."

"तेवढं पुरे आहे," साहेब म्हणाले. त्याला जामीन मिळाला आणि मला आदेश मिळाला, खरंखोटं करा.

कचेरीची मागची भिंत आणि मामलेदारांच्या राहत्या घराचं परसदार यांत एक बोळ. मी मामलेदारीणबाईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "हो, आला होता की. म्हातारीला खांद्यावर टाकून. न्हाणीच्या दगडावर बसवून तिच्या डोक्यावर पाणी घालत होता, मी कांदा फोडून नाकाशी धरला. तेवढ्यात तिकडे काच खळ्ळकन फुटली. म्हातारी दचकली म्हणून चांगलं लक्षात आहे."

"मग बाई, तुम्ही हे कुणाला बोलल्या कशा नाहीत?"

"मला विचारलं कुणी? आमच्याकडे कचेरीतल्या गोष्टीत बायकांनी पडायचं नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. फिर्याद ज्या घरातून आली, आरोपीची साक्षीदार त्याच घरात भाजी चिरत बसली होती. मुकादमाला पुन्हा बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "पाठमोरा हुता सायेब, मानूस हाय, चूक हुती." कारकुनाचा धोका टळल्याची खबरही त्याच दिवशी आली, त्यामुळे मलाही जरा हायसं वाटलं.

आता दगड कुणाचा, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. म्हातारी कोसळली, बायकांनी 'मेली, मेली' असा गलका केला, आणि म्हातारीला एक तरणाताठा मुलगा होता. गवंड्याने कोर्टात 'दुसरं कोन' का गिळलं, तेही उमगलं. मी त्या मुलाला उचलून आणू शकलो असतो. पण पुरावा काय? सगळं गाव मुकं. शिवाय आणखी एक माणूस माझ्यासमोर दगड होऊन बसला असता.

मग गवंड्याचा निरोप वकिलांमार्फत आला. शपथ उतरवायची आहे, फौजदारांनी देवळात यावं. मी आणि वकीलसाहेब गेलो. सकाळची वेळ, कामावर जायच्या आधी सगळी माणसं देवळापुढे जमलेली. मी बूट, टोपी, पट्टा पायरीवर काढून ठेवला. गावातले एक जाणते म्हातारे पुढे आले. माझ्याशी बोलता येत नव्हतं म्हणून ते देवाकडे तोंड करून बोलले.

"देवा, शपत अशी फुकट उतरत न्हाई. आमी येका अंगानं घेतली, आता दुसऱ्या अंगानं कुनीतरी घेतली तर ती उतरंल. आमी न बोलायची घेतली. सायबानं बोलायची घ्यावी."

"कसली बोलायची?" मी वकिलांना विचारलं.

"ज्याला धराल त्याला, का धरलं ते सांगायची," वकील म्हणाले. "त्याचे हक्क त्याच्या तोंडावर सांगायची. लपवायचं नाही."

हे सगळं कायद्यात होतं. मला नवीन काहीच करायचं नव्हतं. तरीही सांगतो, तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा पडला तेव्हा अंगावर काटा आला. ट्रेनिंगमध्ये घेतलेली शपथ मी परेडच्या मैदानावर सगळ्यांबरोबर ओरडून घेतली होती. ही एकट्याने घेतली, खडी फोडणाऱ्या माणसांच्या समोर, जी माणसं मी शब्द पाळतो की नाही हे उद्यापासून बघणार होती.

शपथ संपली. ते म्हातारे माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलले, "बसा सायेब, पानी घ्या." त्या गावात पाणी देणं म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. मी दोनच घोट घेतले.

तेवढ्यात मागून एक जण उठला. डोळे लाल. म्हातारी त्याचा सदरा धरून होती, त्याने तो सोडवला आणि पुढे आला. "सायेब, त्यो दगड..."

"थांब," मी म्हणालो.

सगळे चमकले. तोही थांबला. माझ्या आयुष्यात गुन्हेगार स्वतःहून कबुली द्यायला आला आणि मी त्याचं तोंड बंद केलं, असं पूर्वी झालं नव्हतं. केस माझ्या पुढ्यात येऊन उभी होती. पण हातावरचा भंडारा अजून झटकलाही नव्हता.

"माझ्यापुढे काही बोलू नकोस," मी म्हणालो. "पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात धरत नाहीत. माझ्यापुढे बोलायची तुझ्यावर सक्ती नाही. वकीलसाहेब इथेच आहेत. आधी त्यांच्याशी बोल. मग तुला जे सांगायचं ते मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांग, आणि नसेल सांगायचं तर नको सांगूस."

त्याच्या आईने त्याच्या पाठीवर थापटी मारली. "आरं, सायेब सांगत्यात तर ऐक की. जा, वकिलाजवळ बस आदी." मग मला म्हणाली, "म्या मेले आसं त्येला वाटलं, सायेब. म्हनून त्येचा हात सुटला. त्यो वंगाळ न्हाई."

"आजी, हेसुद्धा मला नको, कोर्टात सांगा," मी म्हणालो.

तो वकिलांबरोबर स्वतःच्या पायाने कोर्टात गेला. कपाळावरची पट्टी तशीच ठेवून कारकून साक्षीला आला आणि म्हणाला, साहेब, माझीही आई आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं. कामावर पाण्याचा टँकर येऊ लागला आणि गोणपाटाची का होईना, सावली झाली. ती मोर्चामुळे झाली की दगडामुळे, यावर गावात पुष्कळ दिवस वाद चालला. माझं मत विचाराल तर मोर्चामुळे. दगडाने फक्त माझं काम वाढवलं.

पोलिसांना वाटतं, लोकांना हक्क कळले की आपलं काम अवघड होतं. मलाही कुणी तसंच शिकवलं होतं. त्या प्रकरणात मला उलटं दिसलं. हक्क अर्धवट कळला तेव्हा गावाने तोंडं शिवून घेतली, आणि निरपराध माणूस आत गेला. पुरता कळला तेव्हा ज्याने दगड मारला होता तोच बोलायला उठला. म्हणून तुम्ही कुणी कधी पोलिसांसमोर उभे राहाल तर भिऊ नका आणि मुके होऊ नका. का धरलं ते विचारा, वकील मागा, वाचल्याशिवाय सही करू नका. जे बोलायचं नाही ते नाही म्हणून सांगा, आणि जे तुमच्या बाजूचं आहे ते योग्य माणसापुढे मोठ्याने बोला.

देवळात शपथ घेतली त्या दिवशी घरी गेलो. हात धुतले तरी पिवळेपणा गेला नव्हता. हिने ताट वाढताना पाहिलं आणि विचारलं, "आज कसला सण होता?"

मी म्हणालो, "सण नाही. ड्यूटी."

पुढे निवृत्त होईपर्यंत कुणालाही ताब्यात घेताना माझा उजवा हात भंडारा धरल्यासारखा आपोआप मिटायचा.